डाव्या दाराचा पत्रा

मावशी पत्र्यावर हात फिरवायला लागली की खालच्या शेडमधलं सगळं आपोआप हळू व्हायचं. कुणी कुणाला सांगायचं नाही, पण रंग्याकाका त्याचा कॉम्प्रेसर बंद करायचा, मी जिन्यात असेन तिथेच थांबायचे. शेडच्या मधोमध एक प्लॅस्टिकचा पडदा आहे, अलीकडे मावशीचा पत्रा आणि पलीकडे काकाचा रंग, तो पडदासुद्धा श्वास धरल्यासारखा सरळ लोंबायचा. मावशी डोळे मिटायची. तळहाताखाली पातळ सुती फडकं धरायची, कारण फडक्यातून चढउतार जास्त कळतात म्हणे, आणि लांबच्या लांब हात फिरवायची, पुढून मागे, मागून पुढे, जसं तापात पडलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात. वाटायचं आता गाडी झोपणार.

मग डोळे न उघडताच एका जागी बोट टेकवायची. "इथे."

तिथे बघावं तर काहीच नाही. पण काका सांगतो की रंग चढल्यावर उन्हात तिथेच लाट दिसली असती, तळ्यात कुणीतरी हळूच खडा टाकल्यासारखी.

माझी मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करते. शेड आजोबांची. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता याला कुलूप, घरात मुलगा नाही, दोन मुलीच, त्यातली धाकटी म्हणजे माझी आई शिलाई मशीनलासुद्धा घाबरणारी. मावशी एका सकाळी खाली उतरली, शटर वर केलं आणि अर्धवट राहिलेलं मडगार्ड हातात घेतलं, बस. तेव्हापासून आम्ही वर दोन खोल्यांत राहतो आणि खाली ठोकठोक चालते. मी तर त्या आवाजात अभ्यास करूनच मोठी झाले, तो थांबला की मला जाग येते. लग्नाचा विषय कुणी काढला की मावशी म्हणायची, "माझं पत्र्याशी लागलंय. सासू नाही, नणंद नाही, आणि रोज हातोडीने बडवलं तरी नवरा कुणाकडे तक्रार करत नाही."

आणि तिचा एक नियम होता. ती पत्रा बदलत नाही.

म्हणजे कसं, गाडीच्या दाराचा बाहेरून दिसतो तो एक पातळ पत्रा असतो, आतल्या सांगाड्यावर चढवलेला, आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी मागे दुमडलेल्या, उशीला अभ्रा घालतात तसं. दार फार खराब झालं की बहुतेक गॅरेजवाले ती दुमड घासून काढतात, जुना पत्रा सोलतात आणि नवीन चढवतात. मावशी त्यांना खाटीक म्हणायची, तेही तोंडावर. "कापायला काय लागतं रे? सुरी. वाचवायला हात लागतो."

आणि तोच हात तिला सोडून चालला होता.

हिवाळ्यात मला पहिल्यांदा कळलं. ती शर्टाचं बटण लावत होती आणि बटण भोकात गेलंय की नाही हे बघायला तिला आरशासमोर जावं लागलं. मी विचारलं तर म्हणाली, "बोटांना कापूस लागलाय." म्हणजे बोटांची टोकं बधिर. इतकी वर्षं ग्राइंडर आणि हातोडीचे हादरे खाल्लेले हात, कधीतरी हिशोब मागणारच. मी रडायला लागले तर मलाच दटावलं, "तुझ्या आईला कळलं तर याद राख. ती मला खुर्चीत बसवेल आणि पायावर शाल टाकेल. मला शाल नको." तिच्यासाठी सगळं त्यातच होतं. बोटं गेली तर काम गेलं, आणि काम गेलं तर खाली शटर आणि वर खुर्ची. मी मूग गिळून बसले, आणि मनात प्रार्थना की सोपी कामं येऊ दे, छोटे पोचे, बंपर, असलं काहीतरी.

आली ती डॉक्टरांची गाडी.

दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, डोळ्यांकडे नाही. गाडी दोन दारांची, लांब नाकाची, दुधात चिमूटभर राख मिसळावी तशा रंगाची. इतकी जुनी की तिच्याजवळ उभं राहिलं की आपणच कुणाच्या तरी जुन्या फोटोत शिरलोय असं वाटायचं. त्यांच्या आवारातली भिंत कलली आणि डावं दार आत दाबलं गेलं. उजव्या दाराला काही लागलं नव्हतं, पण ते खालून गंजलं होतं, पावाच्या जळलेल्या कडेसारखं, बोट लावलं की चुरा.

"वाचतील का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही पेशंटला काय सांगायचात?" मावशी म्हणाली.

"आधी आ करा सांगायचो."

मावशीने दार उघडलं. "केलं. आता तुम्ही गप्प बसा, हलू नका."

रंग्याकाका पडद्यामागून खो खो हसला. पण डॉक्टर मग गंभीर झाले. म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर लोकांना खोटे दात बसवले. सुंदर दिसतात. पण रात्री काढून पेल्यात ठेवावे लागतात. मला माझीच दारं हवीत."

मावशीने एकदा स्वतःच्या हातांकडे बघितलं, जेमतेम क्षणभर, आणि म्हणाली, "तुमचीच देईन."

मी जिन्यात उभी होते. मला ओरडावंसं वाटलं, अगं नको ना कबूल करू. पण दातखीळ बसली.

डाव्या दारापासून सुरुवात झाली. मला ते दिवस स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात, कारण खरंच तसे होते, दुपारी शेडच्या छपरातल्या फटींतून उजेडाच्या काठ्या खाली यायच्या, त्यात धूळ तरंगायची, आणि दार मधोमध स्टँडवर आडवं, पंख काढून ठेवल्यासारखं. पोचा काढताना मध्यावर मारायचं नसतं. कडेने सुरुवात, मागे लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरायचा, वरून हलकी हातोडी, टिक टिक टिक, गोल गोल आत यायचं. पत्र्याला त्याचा जुना आकार माहीत असतो, त्याला फक्त घाई करायची नाही. मावशीचं सगळं कसब कधी थांबायचं यात होतं. आणि ते कळायचं बोटांना. प्रत्येक दोन-चार टिकटिकीनंतर हात फिरवायचा, आणि बोटं सांगणार, पुरे.

बोटं काही बोललीच नाहीत.

मी वर पुस्तक उघडून बसले होते आणि मला जाणवलं की आवाज लांबलाय. टिक टिक चालूच. मध्ये थांबायला हवं होतं तिथे थांबली नाही. मग आवाजच बदलला, पोकळ झाला, डब्याच्या झाकणासारखा. मी खाली पळाले.

मावशी दाराच्या मधोमध अंगठा दाबत होती. टक, पत्रा आत गेला. सोडला, टक, बाहेर आला. टक. टक. जास्त मारलं की पत्रा ताणतो, पसरतो, आणि पसरलेल्या पत्र्याला जायला जागा नसते, मग तो असा आत-बाहेर उड्या मारत बसतो. शिकाऊ माणसाच्या हातून होतं हे. मावशीच्या हातून मी जन्मले तेव्हापासून झालं नव्हतं.

"रंग्या," मावशीने हाक मारली, "जरा इकडे हात फिरवून बघ."

काका पडदा बाजूला करून आला तो तसाच थांबला. काका म्हणजे लठ्ठ, गोरा, कानाच्या मागे नेहमी कुठला ना कुठला रंग, आणि मावशीला 'उस्ताद' म्हणणारा. इतक्या वर्षांत उस्तादाने त्याला पत्र्याला हात लावू दिला नव्हता. त्याने हात पँटला पुसला, दारावर फिरवला, आणि परत तिथूनच फिरवला. तो गप्प बसला म्हणजे फारच वाईट.

"बोल की. तोंडात काय रंग धरलायस?"

"ताणलाय, उस्ताद."

"ते मला ऐकू आलं. कुठून कुठपर्यंत, ते सांग."

काकाने पत्रा आणखी एकदा दाबून बघितला. मग हळूच म्हणाला, "पुट्टी भरतो मी. आतून काहीतरी चिकटवू म्हणजे टक होणार नाही. वरून असा रंग चढवतो की कुणाला कळणार नाही."

"मला तरी कळेल का, हाच तर घोळ आहे," मावशी म्हणाली.

तेव्हा काकाला समजलं. मला दिसलं त्याच्या चेहऱ्यावर, सावली सरकते तसं.

ती ऐकेना मात्र. ताणलेला पत्रा आवळायचा एक उपाय असतो, गॅसच्या ज्योतीने लहानसा ठिपका लाल करायचा आणि लगेच ओलं फडकं दाबायचं, की तेवढा पत्रा आकसतो. ते करायला बसली. एक ठिपका, फडकं, वाफ. दुसरा ठिपका, फडकं, वाफ. शेडमध्ये ढग उतरल्यासारखं झालं, आणि त्या वाफेत मावशी अशी दिसत होती की ती इथे नाहीच, दुसऱ्याच कुठल्या तरी गावी बसून काम करतेय. फार सुंदर होतं ते. आणि तेवढ्यात काका धावला आणि तिचं मनगट धरून ओढलं. ती चुकून गरम ठिपक्यावर बोटं टेकवून बसली होती. आणि तिला कळलंच नव्हतं.

फोड आले होते. ती त्यांच्याकडे असं बघत होती जसे दुसऱ्या कुणाचे आहेत.

मग काय, आईला कळलंच. आई खाली आली, जी कधी खाली येत नाही. कोपऱ्यातल्या बादलीत मावशीचा हात बुडवला आणि स्वतः फरशीवर बसली.

"कधीपासून ताई?"

"झाले काही महिने."

"आणि या कार्टीला माहीत होतं."

"तिला ओरडू नकोस. मी दम दिला होता."

"मला दम दिला असता तर? मी काय परकी आहे?"

"तू शाल टाकशील."

आईला काय कळणार शालीचं, ती म्हणाली, "कसली शाल? एवढ्या उकाड्यात?" आणि मावशी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आई तिचा हात पाण्यात धरून बसलेली, आणि रंग्याकाका पडद्यामागे जाऊन उगाचच रंगाचे डबे हलवत होता.

दुसऱ्या दिवशी मावशीने डॉक्टरांना बोलावलं. मला वाटलं होतं काहीतरी गोल गोल सांगेल. तिने दार पुढे ठेवलं आणि म्हणाली, "दाबा."

डॉक्टरांनी दाबलं. टक.

"हे भिंतीने नाही केलं. हे मी केलं. दार वाचण्यासारखं होतं. माझी बोटं बधिर झालीत, मला थांबायचं कळलं नाही, आणि ते तुम्हाला सांगून मग काम घ्यायला हवं होतं."

डॉक्टरांनी परत दाबलं. टक. परत. मला त्यांचा राग आला, की किती वेळा दाबतायत. मग म्हणाले, "वाईट वाटलं मला. नाही वाटलं असं सांगितलं तर खोटं होईल."

"वाटायलाच हवं."

"हात दाखवा."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या टोकाने एकेका बोटाला स्पर्श करत गेले, इथे कळतंय, इथे, आता. मावशी मान वळवून उत्तरं देत होती, बहुतेक नाही, नाही, थोडं, नाही. आईने तिच्याकडून नसांच्या डॉक्टरकडे जायचं कबूल करून घेतलं, आणि नेलंही नंतर. तो म्हणाला, आणखी बिघडणार नाही याची काळजी घेऊ, गेलेलं फारसं परत येणार नाही. पण त्या दिवशी डॉक्टरांनी किल्ली खिशात टाकली आणि विचारलं, "मग आता? दुसऱ्या गॅरेजला नेऊ?"

मला वाटतं मावशीच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब क्षण असेल. ती त्या राखी गाडीकडे बघत होती, एका बाजूला दाराच्या जागी भोक, आतली सीट दिसतेय, जणू कुणीतरी आत्ताच उठून गेलंय.

"नेलीत तर माझी ना नाही," ती म्हणाली. "ठेवलीत तर डाव्या दाराला नवीन पत्रा चढवीन. कधी केलं नाहीये. शिव्याच दिल्यात त्या कामाला."

डॉक्टर बराच वेळ तिच्या दातांकडे बघत होते. मग गेले. गाडी न्यायला माणूस पाठवला नाही, ना दुसऱ्या दिवशी, ना तिसऱ्या.

मग तिने ते सोललं. ग्राइंडरला हात लावायची आता तिला बंदी, त्यामुळे कड काकाने घासली, ती शेजारी उभी राहून "हळू, अभ्रा फाडायचाय, उशी नाही" करत होती. पत्रा निघाला तसा आतला सांगाडा उघडा पडला. इतकी दारं हाताखालून गेली तरी मावशीने हे कधी पाहिलं नव्हतं. पत्र्याच्या आतल्या बाजूला जुना तांबूस रंग होता, कारखान्यातला, आणि त्यात एक अंगठा उमटलेला. कुणीतरी तेव्हा ओल्या रंगावर धरलं असेल उचलताना. मावशीने त्यावर आपला अंगठा ठेवला. "मोठा माणूस होता," एवढंच म्हणाली. मी विचार करत बसले, तो कोण असेल, त्याला घरी जाऊन कुणी विचारलं असेल का, आज काय केलंस.

आणि मग ते काम तिला आवडायला लागलं, हे तिला कबूल करायला लागले काही दिवस. पत्रा काढलेला सांगाडा ढिला पडतो, जरा हात लागला की मुरगळतो. टेबलावर ठेवून कडा दुमडल्या तर दार जसं मुरगळलं असेल तसंच कायमचं बसतं. म्हणून नवीन पत्रा नुसता ठिकठिकाणी अडकवायचा, दार गाडीला लटकवायचं, बंद करायचं आणि लांब जाऊन बघायचं. चारी बाजूंची फट सारखी आहे का. मावशी सकाळी डावं दार कोवळ्या उन्हाकडे येईल अशी गाडी लावायची, काचांवर गोणपाट टाकायची आणि आत जाऊन बसायची, काळोखात, आणि दाराभोवती उजेडाची बारीक रेघ बघत राहायची. वर जाड, कोपऱ्यात बारीक. उतरायची, बिजागरीला एक हलका ठोका, परत आत. रेघ सारखी होईपर्यंत. मग कड थोडी थोडी दुमडायची, सगळीकडून एकेक पायरी, एकदम नाही. यात बोटांचं काम थोडंच. डोळ्यांचं सगळं. आणि डोळे तिचे घारीचे.

"खाटकाच्या कामातही अक्कल लागते म्हणायची," काका म्हणाला.

"गप रे."

"नाही, मी आपलं त्या समोरच्या गॅरेजवाल्यांना सांगून येतो. त्यांना बरं वाटेल."

"जा. आणि येताना नवीन उस्ताद शोधून आण."

राहिलं उजवं दार. खालचा गंजलेला पट्टा कापल्यावर तिथे नवीन पट्टी लागणार होती, आणि मावशी कोपऱ्यात टेकवलेल्या डाव्या पत्र्याकडे बघत होती. मधोमध बिघडलेला, पण खालची कड निरोगी, तीच जाडी, तोच बाक. तिने खडूने रेघ मारली. पट्टी उजवीकडे नेली की तिचं पुढचं टोक मागे जात होतं, पण बाक जुळत होता. काकाने कापली, तिने बसवली, थेंब थेंब वेल्डिंग, मध्ये थांबत, पत्रा तापू न देता.

तरी सांध्यावर लाटा आल्या. येतातच. आणि त्या काढायला हातच लागतो.

मावशी हातोडी घेऊन बसली आणि कितीतरी वेळ मारलीच नाही. मग म्हणाली, "रंग्या, ये इकडे. फडकं घे."

काका बसला. आयुष्यभर रंगवलेल्या गाड्यांच्या अंगावरून हात फिरवलेला माणूस, मऊ तळवा, लोण्यासारखा. त्याने हात फिरवला. "इथे उंच." टिक. "अजून." टिक टिक. "पुरे." मावशीने सवयीने डोळे मिटले होते. काका म्हणाला, "उस्ताद, डोळे उघडा. माझी बोटं आहेत खाली." ती उघडायची, परत मिटायची, परत तो ओरडायचा. भांडले किती. तू म्हैस आहेस, एवढी लाट कळत नाही. तुम्ही ठोकता की खिळा मारता. दुपारभर ते चालायचं, छपरातून उजेडाच्या काठ्या सरकत जायच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, आणि मला वर खोलीत डोळे मिटून पडलं की वाटायचं एकच माणूस खाली बसून स्वतःशी बोलतोय, दोन आवाजांत.

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा ती परत तशीच दिसत होती, दुधात राख. त्यांनी डावं दार उघडलं, लावलं. आवाज जरा वेगळा होता. परत लावलं. "हे अनोळखी आहे," ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "सवय व्हायला वेळ लागेल. मलाही लागला."

मग उजवीकडे गेले, गुडघे धरत खाली बसले, आणि दाराच्या खालच्या भागावरून बोटं फिरवली. तिने सांगितलं होतं की ही पट्टी डाव्या दाराची, म्हणजे त्यांचीच. ते शोधत होते. पुढे गेले, मागे आले. कितीही शोधलं तरी मिळेना.

"सांधा कुठाय?"

मावशी वाकली. डोळे बारीक केले. तिलाही दिसला नाही. एक वर्षापूर्वी तिने खोटंच कुठेतरी बोट ठेवलं असतं, मला खात्री आहे, इतकी मानी बाई. पण ती सरळ उभी राहिली आणि पडद्याकडे हाक मारली.

"रंग्या, बाहेर ये. डॉक्टरांना सांधा दाखव."

काका लाजत बाहेर आला, कानामागे निळा रंग. "मी काय दाखवणार, काम उस्तादांचं आहे."

"घाव माझे," मावशी डॉक्टरांना म्हणाली, "हात याचा. इथून पुढे असंच आहे. कुणी विचारलं तर दोघांचं नाव सांगा."

काका एकदम जमिनीकडे बघायला लागला. मग वाकला, दारावरून तळवा फिरवला, कुठेतरी मध्ये थांबला, आणि डॉक्टरांचं बोट धरून तिथे ठेवलं.